वरचा डावा दुसरा

बसमध्ये समोरच्या आडव्या बाकावरची बाई हसली, आणि तिच्या तोंडात त्याला आपला दात दिसला. आपला म्हणजे आपल्या तोंडातला नव्हे. त्याच्या तोंडात स्वतःचा म्हणावा असा एकही दात आता उरला नव्हता. आपला म्हणजे आपण केलेला. वरच्या ओळीत, मधल्या दोघांच्या शेजारी, तिच्या डाव्या अंगाला. धंद्यात त्याला 'वरचा डावा दुसरा' म्हणतात. तो किंचित वळलेला होता, गर्दीतून वाट काढताना माणूस एक खांदा पुढे करतो तसा. हसण्याचं कारण साधंच होतं. एकजण गुंडाळलेली गादी घेऊन चढला होता आणि कंडक्टर त्याला म्हणाला होता, "गादी बसणार असेल तर तिचं तिकीट काढा. उभी राहणार असेल तर माझं काही म्हणणं नाही." सगळी बस हसली. तोही हसला असता, पण हसू ओठापर्यंत येऊन तिथंच थांबलं. बाईचे ओठ मिटले. दात गेला. तो पुढे झुकून पाहत राहिला. दुकानाचं शटर कुणीतरी मध्येच खाली ओढावं आणि आपली वस्तू आत राहावी, तसं त्याला झालं.

अठ्ठेचाळीस वर्षं त्याने कवळ्या केल्या होत्या. बाविसाव्या वर्षी मेणाची सुरी हातात घेतली ती सत्तराव्या वर्षी खाली ठेवली, तीही हात थरथरायला लागला म्हणून. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेत, ओल्या कापडात गुंडाळून पाठवत, सोबत चिठ्ठी: बाई, वय एकसष्ट, रंग अमुक नंबरचा, सोमवारपर्यंत. तो ठशात प्लास्टर ओतायचा, वाळलं की पांढऱ्याशुभ्र हिरड्या बाहेर काढायचा, त्यांवर मेण चढवायचा आणि मेणात एकेक दात उभा करायचा. मग मेणाच्या जागी गुलाबी कवळी शिजायची आणि सोमवारी डबीत बसून निघून जायची. माणूस कधी दिसायचा नाही. देवाला माणसं आतून ठाऊक असतात म्हणतात. त्यालाही हजारो माणसं आतूनच ठाऊक होती: कुणाची टाळू उंच, कुणाचं एकीकडचं हाड झिजलेलं, कुणाची जीभ जाड. फक्त चेहरा तेवढा नाही. रस्त्यात, लग्नघरी, रुग्णालयाच्या रांगेत त्याने आयुष्यभर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडांकडे पाहिलं होतं, इतकं की बायको कोपरानं ढोसायची, "अहो, लोक काय म्हणतील." आपलं एकही काम त्याला कधी सापडलं नव्हतं. आणि आज, शहात्तराव्या वर्षी, ते चार फुटांवर बसलं होतं, मांडीवर कापडी पिशवी घेऊन.

आज नसतं सापडलं तरी चाललं असतं, असं मात्र नव्हतं. कोटाच्या आतल्या खिशात एक घडी घातलेला कागद होता आणि तो मघापासून टोचत होता. सकाळी तो दवाखान्यात गेला होता. म्हाताऱ्या माणसांची वर्षाकाठची तपासणी. वजन, रक्त, गुडघे झाल्यावर एका नर्सनं त्याला खुर्चीत बसवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलगी चांगली होती, जोरात बोलत होती, त्याला ऐकू येत होतं तरी. "आजोबा, झोप लागते?" लागते. "पोट साफ होतं?" होतं. पूर्वी अशा मुली काका म्हणायच्या. काकाचा आजोबा कुठल्या सकाळी झाला ते त्याला आठवेना. "घरी कोण असतं?" मी. "आणखी?" मीच. तिने मान वर न करता लिहिलं. मग शेवटचा प्रश्न तिने तसाच वाचला, जसा पोटाचा वाचला होता: "आपल्या जगण्याला काही अर्थ आहे असं आपल्याला वाटतं का? नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, कधीच नाही." चार चौकोन होते. तो त्या चौकोनांकडे पाहत राहिला. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. "आजोबा?" ती म्हणाली. त्याला हसून काहीतरी सांगून मोकळं व्हायचं होतं, पण तोंडातली कवळी एकदम दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वाटली. "घाई नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "कागद घरी न्या. शुक्रवारी आणून दिलात तरी चालेल." तो खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

साठाव्या वर्षी हाच कागद आला असता तर चष्मा न काढता त्याने पहिल्या चौकोनात खूण केली असती. साठाव्या वर्षी सगळं आपापल्या जागी बसलं होतं. मुलीचं शिक्षण झालं होतं, हात दगडासारखा स्थिर होता, बायको सकाळी देवापुढे बसून गुणगुणायची आणि तो कामावर जायला निघाला की गुणगुणणं न थांबवता डोळ्यांनीच जा म्हणायची. आपण कशासाठी आहोत असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता. पंचविशीत मात्र तो आणि त्याचा धंद्यातला जोडीदार दुसरं काही बोलतच नसत. एका खोलीत, एका टेबलावर, एका स्पिरिटच्या दिव्याच्या दोन बाजूंना बसून दोघं तासन्‌तास भांडायचे: माणूस कशाला जन्माला येतो, आणि आलाच तर परक्यांचे दात करण्यात त्याने जन्म का घालवावा. जोडीदार म्हणायचा, "विचार कर, पण मेण थंड होऊ देऊ नकोस." तो प्रश्न तेव्हा भुकेसारखा होता. पुढं आयुष्य वाढून ठेवलेलं होतं. मग मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो प्रश्न कुठं गेला कोण जाणे. आणि आता, बायको जाऊन तीन वर्षं झाल्यावर, तो परत आला होता, तोच, त्याच चेहऱ्यानं. एवढंच, की आता उत्तर मिळालं तरी ते ठेवायचं कुठं, हे कळत नव्हतं.

बाई उतरली तेव्हा तो उतरला. त्याचा थांबा आणखी चार थांबे पुढं होता. शहात्तर वर्षांचा माणूस अनोळखी बाईच्या मागं चालतोय, याची त्याला लाज वाटली, पण पाय ऐकेनात. ती भरभर चालत होती, पन्नाशी उलटलेली असावी, केस अर्धे पिकलेले. एवढ्या वयात पूर्ण कवळी? असेल. त्याने चाळिशीतल्या बायांच्यासुद्धा केल्या होत्या. कोपऱ्यावरच्या एका अरुंद दुकानाचं कुलूप तिनं उघडलं. शिवणाचं सामान: दोऱ्यांची रिळं, काजांच्या सुया, आणि भिंतभर लहान लहान खण, प्रत्येकावर एकेक बटण लावलेलं. आत जायला कारण हवं होतं. त्याने दारातच कोटाचं खालचं बटण पिळून तोडलं आणि मग आत गेला.

"बोला काका."

"बटण. याच्यासारखं."

तिनं बटण उजेडात धरलं, मग भिंतीकडे न पाहताच एक खण ओढला. "तपकिरी म्हणाल तर अठरा तऱ्हेचे आहेत माझ्याकडे. हा आहे जुना तपकिरी. नवा लावलात तर उरलेली तीन म्हातारी दिसतील." बटणं ओळीनं लावलेली एक पट्टी काढून ती त्याच्या कोटाशी धरून पाहू लागली. त्याच्याकडेही अशीच पट्टी होती, दातांच्या रंगांची. तोही असाच खिडकीपाशी जाऊन, मान तिरकी करून, एकेक दात चिठ्ठीवरच्या नंबराशी ताडून पाहायचा. पांढरे म्हणाल तर सोळा तऱ्हेचे. त्याला तिला ते सांगावंसं वाटलं. तो तिच्या ओठांकडे पाहत होता. ती दोरा तोडायला दातांशी नेत होती, पण ओठ मिटलेलेच राहिले, बाजूच्या दातांनी तिनं तो कचकन तोडला. "द्या कोट, लावून देते. घरी कुणी लावणारं असेल तर राहू द्या."

"लावा," तो म्हणाला.

ती बटण लावेपर्यंत तो तसाच उभा राहिला. काय विचारणार होता? ताई, जरा तोंड उघडा? आणि ते होतं तिचं झाकलेलं गुपित. कवळी वापरणारं माणूस सख्ख्या माणसालाही सांगत नाही. तो आभार मानून बाहेर पडला, आणि रस्ता ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण तिच्याइतकंच घट्ट तोंड मिटून चाललो आहोत.

बुधवारभर तो घरात राहिला. कामाचं टेबल त्याने धंद्याची खोली बंद केली तेव्हा घरी आणून खिडकीखाली ठेवलं होतं. त्यावर स्पिरिटचा दिवा, सुऱ्या, रंगांची पट्टी, आणि जबडा उघडझाप करणारी पितळी बिजागरीची चौकट. संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि रोज सातला फोन करायची. "बाबा, जेवलात?" अजून नाही. "काल काय म्हणाले दवाखान्यात?" सगळं ठीक. "मग कधी येताय इकडं? तुमची खोली रंगवून झाली. टेबल तेवढं देऊन टाकू या. इथं कुठं ठेवणार? आणि बाबा, तुम्ही त्याला हातसुद्धा लावत नाही." तो टेबलाला हात लावूनच बोलत होता. "बघू," तो म्हणाला. "नेहमी बघूच म्हणता," ती म्हणाली, रागानं नव्हे.

मुलीला त्या दाताचं ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त तिघांना, आणि त्यांतली एक गेली. बायकोचा वरचा डावा दुसरा दात वळलेला होता. लग्नाआधी पाहायला गेला तेव्हा ती हात आडवा धरून हसत होती आणि त्याला वाटलं, मुलगी लाजाळू आहे. लग्नानंतर कळलं की लाज तेवढ्या एका दाताची आहे. सकाळी ती गुणगुणायची तेव्हा 'स' आला की त्या दाताच्या शेजारच्या फटीतून जरासा वारा जायचा, इतका जरासा, की तो ऐकू यायला वीस वर्षं संसार करावा लागे. देवाच्या नावात जितके 'स' होते तितके तिच्या तोंडून वाऱ्यावर जायचे. एकदा, असाच कंटाळून एका कवळीत बत्तिशी शिस्तीत उभी करत असताना, त्याने सुरीच्या टोकानं वरचा डावा दुसरा किंचित वळवला. आणि मेणात ती हसली. त्या दिवसापासून त्याने प्रत्येक कवळीत तो वळवला. केसभर. डॉक्टरांनासुद्धा वाटायचं की त्यामुळे कवळी खरी दिसते, आणि दिसायचीही. एकच परत आली होती, एका शाळामास्तरांची. 'स' म्हटलं की शिट्टी वाजते अशी चिठ्ठी होती. मग त्याने फट बुजवायला सुरुवात केली. वळण मात्र ठेवलं.

जोडीदाराला कळायला पंचवीस वर्षं लागली, कारण तो दुसऱ्याच्या कामाकडे बघत नसे. त्याचे दात सरळ, कवायतीला उभे केल्यासारखे. त्याची स्वतःची एकच खोड होती. कवळी शिजवण्याआधी टाळूच्या मेणात, पुढच्या दातांच्या मागं, तो करंगळीचं नख दाबायचा. चंद्रकोरीएवढी खाच. "जिभेला घर सापडायला नको?" म्हणायचा. "नव्या कवळीत जीभ परक्या गावात आल्यासारखी फिरत असते. तिला एक उंबरा दिला की ती बसते." त्यावर तो जोडीदाराची टिंगल करायचा. आणि मग एके दुपारी तो बाहेरून आला तर टेबलावरच्या त्याच्या चारही कवळ्यांमधला वरचा डावा दुसरा सरळ केलेला. मेण अजून ऊन होतं. जोडीदार दिव्यापलीकडून म्हणाला, "लोक सरळ दातांसाठी येतात रे. तुझ्या बायकोचा दात साऱ्या गावाच्या तोंडात कशाला?" कदाचित जोडीदार चेष्टेनं बोलला असेल. पण त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तो म्हणाला, "तुझ्याकडं आहे कोण, जिचा लावशील?" जोडीदारानं लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं ते त्याला एकट्याला सांगितलेलं होतं, याच दिव्यापाशी. जोडीदारानं सुरी पुसली, हाताचं मेण खरवडून काढलं, एकेक बोट सावकाश, आणि निघून गेला. पुढं पुतण्याकडे राहायला गेल्याचं कळलं. याला चौदा वर्षं झाली. बायकोला हे सगळं त्या रात्री सांगावं लागलं. ती एक दिवसभर बोलली नाही. मग संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, मला न विचारता? किती बायका माझं तोंड घेऊन हिंडत असतील." आणि पहिल्यांदाच हात आडवा न धरता हसली. ती गेली तेव्हा जोडीदाराचं दोन ओळींचं पत्र आलं, खाली पुतण्याच्या घरचा फोन नंबर. ते टेबलाच्या खणात होतं. त्याने उत्तर दिलं नव्हतं.

म्हणून त्या बाईचा दात त्याला हवा होता. बुधवारी रात्री कूस बदलताना त्याला ते स्पष्ट कळलं. त्याला शाबासकी नको होती. बायको गेली तेव्हा तो दात तिच्याबरोबर गेला, पण कुठंतरी, कुणाच्या तरी जेवताना, हसताना, अजून तो चालू आहे, एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं की पहिल्या चौकोनात नाही तरी दुसऱ्यात खूण करता येईल. बहुतेक वेळा. तेवढं पुरे होतं. आणि ते तिच्याकडून ऐकायला हवं होतं, कारण स्वतःच्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास उडत चालला होता.

गुरुवारी तो दुकानात गेला तेव्हा ती एकटीच होती, खणांवरची धूळ पुसत होती.

"काका, आता कुठलं तुटलं?"

"तुटलं नाही." तो उभाच राहिला. "ताई, मी कवळ्या करायचो. अठ्ठेचाळीस वर्षं केल्या. परवा बसमध्ये तुम्ही हसलात. रागावू नका. तुमची कवळी मी केलेली असावी."

तिनं फडकं खाली ठेवलं. त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत त्याच्याकडे. आणि माणूस वेडा नाही अशी खात्री पटल्यावर ती जी हसली ती काउंटरला धरूनच. वळलेला दात पूर्ण दिसला. "काका, हे माझे आहेत हो. जन्माचे." आणि खरं वाटावं म्हणून तिनं वरचा ओठ बोटानं उचलून दाखवला, लहान पोरीसारखा. "हा मेला तिरका. शाळेत मला तिरकी म्हणायचे. रोज रात्री अंथरुणात बोटानं ढकलायचे, सकाळपर्यंत सरळ होईल म्हणून."

बायकोनं हेच सांगितलं होतं. बोटानं ढकलायचे. तो वाकून पाहत राहिला. दाताच्या कडेला निळसर पारदर्शक झाक होती, तळाशी वयाचा पिवळेपणा, मधून केसाएवढी एक भेग उभी गेलेली. हिरडी मागं सरली होती. त्याच्या सोळा पांढऱ्यांमध्ये असला एकही नव्हता. कवळी करायला शिकणाऱ्या पोरालासुद्धा हाताच्या अंतरावरून कळलं असतं. आयुष्यभर दात केलेल्या माणसाला खरा दात ओळखू येऊ नये. त्याने स्वतःच्या खोडीला इतकं आपलं मानलं होतं की घडवणाऱ्यानं तीच खोड आधी केलेली असू शकते, एकीच्या तोंडात केली तशी दुसरीच्याही, आणि कुणाला न सांगता, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं की बरं, ते त्याला कळेना. आतून सगळं रिकामं झाल्यासारखं वाटलं, आणि त्या रिकाम्यात बायको कुठंच नव्हती. "माफ करा," तो म्हणाला, "चूक झाली." आणि निघायला वळला.

"बसा हो काका. पाणी घ्या. पांढरे पडलात." तिनं स्टूल पुढे केलं. तो पाणी प्याला. तिला आता त्याची दया येत होती आणि दया आली की माणसं काहीतरी सांगायला लागतात तशी ती सांगायला लागली. "आमच्या सासूबाईंची होती कवळी. दात गेले तेव्हा दोन वर्षं त्या आमच्याबरोबर जेवायला बसल्या नाहीत. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. नवरा माझा हातापाया पडला, तेव्हा कुठं करून घेतली. ज्या दिवशी आली त्या दिवशी आपणहून टेबलाशी येऊन बसल्या. मीठ द्या म्हणाल्या." ती क्षणभर थांबली. "तेरा वर्षं वापरली. जाऊन चार वर्षं झाली. फार देवाच्या होत्या. म्हणायच्या, वरती जिभेला एक खाच लागते गं, तिथं जीभ टेकवली की नाम आपोआप चालू होतं."

त्याच्या हातातला पेला थांबला. "कुठं लागते?"

"वरती. दातांच्या मागं. का?"

"ती कवळी..."

"आहे ना. फेकवेना. घरी ठेवली तर नवरा बघतो नि रडतो, म्हणून इथं आणून ठेवली." तिनं सर्वात वरच्या ओळीतला एक खण ओढला. त्यावर कुठलंही बटण लावलेलं नव्हतं. आत मलमलीत गुंडाळलेली कवळी होती. त्याने ती घेतली. हात नेहमीसारखा थरथरत होता, पण कवळी हातात आल्यावर बोटांनी आपली जुनी पकड बरोबर घेतली. दात सरळ होते. कवायतीला उभे केल्यासारखे. वरचा डावा दुसरा आपल्या जागी, ताठ, कुणाचाही नसलेला. त्याने ती उलटी केली आणि टाळूवरून अंगठा फिरवला. पुढच्या दातांच्या मागं, चंद्रकोरीएवढी. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. इतक्या वेळा तिथं जीभ येऊन गेली होती.

"कुणी केली होती?" त्याने विचारलं. विचारायचं होतं म्हणून नव्हे. तिला काय ठाऊक आहे ते ऐकायचं होतं म्हणून.

"कुणास ठाऊक. डॉक्टरांनी दिली."

"माझ्या जोडीदारानं," तो म्हणाला. "ही खाच त्याच्या करंगळीच्या नखाची आहे. मुद्दाम करायचा. जिभेला घर सापडावं म्हणून." बाईनं कवळी त्याच्याकडून परत घेतली आणि त्या खाचेवर आपलं बोट ठेवलं. मग तिचे डोळे भरून आले आणि त्याला ते पाहवेना. तो उठला. "आहेत का ते?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "असावा."

घरी येऊन त्याने खणातलं पत्र काढलं. दुपारचा उजेड टेबलावर तिरपा पडला होता आणि पितळी चौकट जबडा उघडा टाकून बसली होती. फोन एका बाईनं घेतला, पुतण्याची बायको असणार. कोण बोलतंय म्हणाली. त्याला आपलं नाव सांगायचं धैर्य झालं नाही. "त्याला सांगा, तिरका बोलतोय." तिनं तिकडे हाक मारलेली ऐकू आली, "काका, कुणीतरी तिरका म्हणून आहे." मग चपलांचा घासत घासत जवळ येणारा आवाज. त्याला वाटलं, फोन ठेवून द्यावा.

"बोल," जोडीदार म्हणाला.

चौदा वर्षं मनाशी घोकलेलं एकही वाक्य त्याला सापडलं नाही. त्याने डोळे मिटले. "तुझं एक काम पाहिलं आज."

"माझं कशावरून?"

"टाळूला नखाची खाच आहे."

पलीकडे श्वास तेवढा ऐकू येत होता. तो म्हाताऱ्या माणसाचा श्वास होता, प्रत्येक पायरीवर थांबणारा. "कुठं पाहिलंस? कुणाच्या अडगळीत?"

मलमलीचा तो तुकडा त्याच्या डोळ्यांपुढे आला, बटण नसलेला खण. "तोंडात," तो म्हणाला. "एका म्हातारीच्या. सुनेचं बटणांचं दुकान आहे."

"किती वर्षं झाली?"

"सतरा."

"सतरा वर्षं टिकत नाही रे. हाड झिजतं. हलत असणार."

"नाही हलत."

"जेवते?"

"जेवते. आधी भिंतीकडे तोंड करून जेवायची. आता सगळ्यांबरोबर टेबलाशी बसते." तो थांबला. खोटं तोंडात परकं लागत नव्हतं, याचंच त्याला आश्चर्य वाटलं. देवाला काय सांगायचं ते पुढं सांगता येईल. "आणि नाम घेते. तुझ्या त्या खाचेला जीभ टेकवून. तिथं टेकवली की आपोआप चालू होतं म्हणते."

कुठंतरी त्या घरात नळ वाहत होता. मग जोडीदार म्हणाला, आणि आवाज जरा घसरला, "तुझा तो दात नाहीये ना त्यात?"

"नाही. सगळे सरळ आहेत." त्याने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "चांगले दिसतात. त्या दिवशी मी जे बोललो ते..."

"राहू दे," जोडीदार म्हणाला. "मेण थंड झालं त्याचं." मग जरा वेळानं, जुन्या, कामाच्या आवाजात: "खालची घासते का बघ. या वयात खालची घासते. विचार तिला, कडक काही खाता येतं का, आणि उद्या मला सांग."

"उद्या?"

"मग काय वर्षानं? मी इथं दुसरं करतो काय दिवसभर?"

"सांगतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. उद्या शुक्रवार. कोटाच्या खिशात कागद होता आणि त्यावरचे चार चौकोन अजून रिकामेच होते. त्याने टेबलावरची धूळ पुसली, स्पिरिटच्या दिव्याची वात वर ओढून पाहिली, ती अजून चांगली होती. संध्याकाळी मुलगी टेबलाचं विचारील तेव्हा तिला सांगायला हवं होतं की टेबल कुठं जात नाही. पण आधी दुसरंच काहीतरी करायचं होतं, आणि ते नीट करायला हवं होतं, कारण जोडीदार बारीकसारीक विचारील. उद्या ती म्हातारी काय जेवली, हे त्याला ठरवायचं होतं.